वणव्यानंतरचें रान

वणवा पाहावयास पुष्कळ डोळे असतात. वणव्यानंतरचें रान पाहावयास सहसा कोणी जात नाहीं. रात्रीच्या वेळीं डोंगराच्या अंगावरून सरकणारी ती तांबूस रेघ दुरून मोठी मनोहर दिसते, आणि सकाळीं तो डोंगर काळा झालेला पाहून दोन घटका हळहळलें कीं प्रेक्षकाचें कर्तव्य संपतें. आम्हांस मात्र कांहीं वर्षांपासून ह्या नाटकाच्या पुढच्या अंकाचा नाद लागला आहे. जुन्नर व आंबेगांव ह्या तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगरांत आम्ही वर्षांतून दोन खेपा करतों. एक शिमग्याच्या सुमारास, व दुसरी मृगाचा पाऊस चांगला मुरल्यावर. त्याच त्या उतारांवर जावयाचें, आणि काय जळलें व काय परत आलें एवढेंच पाहावयाचें. हा उद्योग रिकामपणाचा आहे असें आमचे स्नेही म्हणतात, व त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं.

वाचकांपैकीं ज्यांनीं शिवनेरीच्या पलीकडे पाऊल टाकलें नसेल त्यांच्यासाठीं थोडें वर्णन करणें अवश्य आहे. जुन्नर शहराच्या पूर्वेस पाऊस बेताचा. परंतु तेथून नाणेघाटाकडे किंवा दुर्गवाडी, आंबे-हातवीज ह्या गांवांकडे निघावें, तों कोसागणिक पाऊस वाढत जातो आणि रानाची जात बदलते. आंबेगांवांतही तोच प्रकार. घोडेगांव सोडून डिंभे धरणाच्या जलाशयाच्या कडेनें आहुप्याच्या वाटेस लागलें म्हणजे आरंभीं उघडे गवताळ उतार, मग पळस, ऐन, हिरडा अशीं पानगळीचीं झाडें, आणि शेवटीं कड्याच्या माथ्यावर अंजन, जांभूळ व पिसा ह्यांचें सदाहरित रान. ह्या रानाचा मोठा भाग १९८५ सालापासून भीमाशंकर अभयारण्यांत मोडतो. त्याहून फार जुनें संरक्षण देवरायांचें. तेथील देवाच्या नांवानें राखलेल्या झाडांवर कुऱ्हाड चालवावयाची नाहीं हा नियम कोणत्याही कायद्याच्या पुस्तकाशिवाय चालत आला.

आपल्या सह्याद्रींत वणवा आकाशांतून पडत नाहीं. येथील वीज बहुधा पावसाला बरोबर घेऊनच येते. तेव्हां काडी माणसाचीच. जुनें गवत जाळलें कीं नवें लुसलुशीत येतें ह्या समजुतीनें कोणी ती लावतो, कोणाच्या शेतांतील राबाची ठिणगी उडते, तर कोणी किल्ले पाहावयास आलेला हौशी गृहस्थ विडीचें थोटूक टाकून पुढें जातो. सरकारनें कायदे पुष्कळ केले. १८७८ च्या व पुढें १९२७ च्या जंगल कायद्यानें राखीव रानांत आग लावणें हा गुन्हा ठरविला, आणि ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलाच्या गाऱ्हाण्यांसाठीं १८८५ सालीं मुंबई सरकारनें जें चौकशी-मंडळ नेमलें त्याच्यापुढें राबाचा वादही येऊन गेला. तथापि रान जाळणारा म्हणजे डोंगरांत राहणारा, हें शहरांतील लोकांचें समीकरण आम्हांस मान्य नाहीं. येथील महादेव कोळी व ठाकर कुटुंबें बाळहिरडा वेचून, वाळवून विकतात, आणि त्या वेचणीचे दिवस व वणव्याचे दिवस बहुतेक एकच. ज्याचा वर्षाचा रोख पैसा फांदीवर लोंबत आहे तो त्या फांदीखालीं आग कशाला लावील? रात्रीं हिरव्या डहाळ्यांनीं ज्वाळा झोडपणारे लोक आम्हीं पाहिले ते ह्याच वाड्यांतले होते.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. पाऊस पडून आठ-पंधरा दिवस झाले कीं जळलेला उतार असा कांहीं हिरवागार होतो कीं पाहणारास वाटावें, झालें, रान परत आलें! परंतु तें रान नव्हे, तें गवत होय. गवताचा जीव जमिनीखालीं असतो. आंच वरून निघून जाते आणि त्याचें फारसें बिघडत नाहीं. पळसाची साल जाड, हिरड्याचा बुंधा चिवट. जळाले तरी ते खालून पुन्हां फुटवे काढतात. मात्र हे फुटवे पुरुषभर उंच होण्यापूर्वींच पुढच्या शिमग्यास आग आली, तर झाड मुळांतील सांठवण खर्च करून पुन्हां आरंभापासून आरंभ करतें. आम्हांस एका उतारावर हिरड्याचीं अशीं खुंटें माहीत आहेत कीं ज्यांची उंची आमच्या इतक्या खेपांत गुडघ्याच्या वर गेलेली नाहीं. तीं मेलेलीं नाहींत, पण त्यांस झाड म्हणावयास जीभ वळत नाहीं.

सदाहरित झाडांची अडचण निराळी आहे. जांभळाचें बीं फार दिवस तग धरीत नाहीं. पावसाच्या तोंडीं पडलें तर त्याच पावसांत रुजावयाचें, नाहींतर कुजावयाचें. मातींत निजून राहून पुढील सालाची वाट पाहणें त्याच्या स्वभावांत नाहीं. म्हणून जळलेल्या जागीं जांभूळ यावयाचें तर जवळपास जिवंत जांभूळ पाहिजे. कारवीची गोष्ट तर एखाद्या जुगाऱ्यासारखी. सात-आठ वर्षांतून एकदां सारी टेकडी फुलते आणि मरते. वाळलेलीं फळें उन्हाळाभर झाडावरच राहतात व पावसाच्या पहिल्या ओलाव्यानें तडतडून फुटतात. त्या एका उन्हाळ्यांत त्या वाळक्या काटक्यांस आग लागली, म्हणजे पिढीची पिढी डावावर लागली.

परदेशांतील वणव्यांचीं वर्णनें वाचून कित्येक लोक म्हणतात कीं आग ही रानाची मित्रच आहे. अमेरिकेंतील यलोस्टोन येथें १९८८ सालीं प्रचंड आग लागली, आणि तेथील एका जातीच्या देवदारवर्गीय झाडांचीं राळेनें बंद झालेलीं फळें त्या उष्णतेनेंच उघडून नवें रान दाट उगवलें, हें खरें. परंतु त्या झाडांचा आगीशीं करार शे-दोनशें वर्षांच्या अंतराचा आहे. १९८८ नंतर उगवलेल्या कोवळ्या रानाचा कांहीं भाग २०१६ सालीं पुन्हां जळला, तेव्हां तीच जात पूर्वीच्या मानानें फारच विरळ उगवली. आगीसाठीं जन्मलेल्या झाडांची ही कथा, तर आमच्या पातळ सालीच्या अंजनानें कोणत्या आशेवर राहावें? प्रश्न आगीचा थोडा आणि दोन आगींमधील अंतराचा अधिक आहे.

नेमकें हेंच अंतर आतां आंखडूं पाहत आहे. उन्हाळे तापत चालले आहेत, आणि तापलेली हवा गवत व पाचोळा लवकर कोरडा करते. काडी पूर्वीचीच, पण ती आतां अधिक दिवस धोक्याची. देशांतील ३६ टक्क्यांहून अधिक वनाच्छादनास वारंवार आगीचें भय आहे असा अंदाज भारतीय वन सर्वेक्षण संस्थेनें २०१९ च्या अहवालांत दिला. दुसरें संकट पावसाचें. १९५० ते २०१५ ह्या काळांत मध्य भारतावर विस्तृत अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीनें वाढल्याचें हवामानशास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं दाखविलें. रोपट्यास पाहिजे असते रिमझिम. त्याला मिळतो तो एका दिवसाचा लोंढा व मागून लांबलेली उघडीप. जळून उघड्या पडलेल्या उतारावरून त्या लोंढ्यांत राख तर जातेच, पण मातीही जाते. ह्याच आंबेगांव तालुक्यांत ३० जुलै २०१४ रोजीं माळीण गांवावर डोंगर कोसळून दीडशेंवर माणसें गेलीं. त्या दुर्घटनेशीं वणव्याचा संबंध आम्ही जोडीत नाहीं. पण एकदां पाण्यानें फुगल्यावर हे उतार काय करूं शकतात हें तेथें ज्यानें पाहिलें, तो मातीविषयीं पुन्हां हलकेपणानें बोलणार नाहीं.

उपाय म्हणून दरसाल खड्डे खणून रोपें लावतात व त्यांची मोजदाद छापतात. त्या उत्साहास आमचा नमस्कार आहे. मात्र खड्ड्यांच्या संख्येवरून रान परतलें कीं नाहीं हें कळत नाहीं. आमचें माप निराळें आहे. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाहीं. त्याचा सारा संसार फांदीवरून फांदीवर. ज्या दिवशीं तें ह्या देवराईंतून त्या रानांत पाय न टेकतां जाईल, त्या दिवशीं मधली जागा रान झाली असें आम्ही समजूं.

अशी एक जागा आमच्या फेरींत आहे. एका देवराईच्या खालच्या अंगास गांवकरी पौषांतच गवत कापून रुंद जाळरेषा काढतात, आणि अलीकडे कांहीं वर्षें तेथें आग शिरलेली नाहीं. देवराईंतील जांभळें-उंबरें खाऊन हरियल पक्षी बाहेरच्या हिरड्यांवर येऊन बसतात, आणि नेमक्या त्या हिरड्यांखालीं, कारवीच्या सावलींत, जांभळाचीं रोपें उभीं आहेत. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक ह्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत देवरायांचा अभ्यास केला, तेव्हांपासून विद्वानांचें लक्ष ह्या जुन्या राखणीकडे वळलें. गांवच्या म्हाताऱ्यांस तें सांगावें लागलें नव्हतें. गेल्या पावसाळ्यांत आम्हीं त्या हिरड्यांखालीं वांकून मोजलीं तेव्हां जांभळाचीं एकोणीस व अंजनाचीं दोन रोपें भरलीं. अंजनाचीं दोन्ही अजून वितीएवढींही नाहींत. यंदां गवत लवकर वाळलें आहे, म्हणून जाळरेषेचें काम पंधरा दिवस आधीं धरावें असें वाडींत ठरलें आहे.