सोलापुरी संकेतार्थ

मुंबईहून रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसावे, की सकाळी सोलापूर. गेल्या सुट्टीत मी तिथे एका जुन्या मित्राकडे उतरलो होतो. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी यांचा समाचार घेत असतानाच आतल्या खोलीतून पाठांतर ऐकू आले : ‘मे इरीआ, ते इरीआस, से इरीआ...’

मला वाटले, एखादे स्तोत्रच! पण मित्राची कन्या स्पॅनिश शिकत होती. मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी ज्या गावाच्या बाजारात एकत्र नांदतात, तिथे आणखी एका भाषेचे नवल ते काय?

जन्मभर मराठी व्याकरण शिकवणाऱ्या मला राहवेना. ती म्हणाली, “काका, नुसतं ‘इरीआ’ म्हणजे ‘गेले असते’. आधी ‘मे’ लावला की ‘निघून गेले असते’. मे, ते, से, नोस, ओस, से : कर्ता स्वतःलाच सोबत घेऊन फिरतो.”

मला संस्कृतातले आत्मनेपद आठवले. मी विचारले, “आणि निघून जायची संधीच हुकली असेल तर?”

“मग रूप बदलतं. ‘मे आब्रीआ ईदो.’ पहिल्यात अजून आशा असते.”

मी चपापलो. आपण ‘आज पैसे असते तर गेले असते’ म्हणतो आणि ‘तेव्हा पैसे असते तर गेले असते’ असेही म्हणतो. क्रियापद जागचे हलत नाही. उघडे दार आणि बंद दार, दोन्हींना आपली एकच कडी!

संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाला फेरी मारून आम्ही सगळे भैय्या चौकातल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकाशी गेलो. १९१० साली याच गावात जन्मलेले डॉक्टर १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. तिथली भाषा शिकले, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. वय अवघे बत्तीस.

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मुलीला शिकायला स्पेनला जायचे होते आणि त्यांचे मन होत नव्हते, हे मला ठाऊक होते.

“भाऊजी, हे परतलेच नाहीत हो,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “मलाही पुण्याला एम.ए.ला जायचं होतं. गेले असते. पण घरातून कोणी हो म्हटलं नाही.”

मुलीने आईचा हात धरला. “आई, तुझं ते ‘आब्रीआ’. माझं अजून ‘इरीआ’ आहे.”

वहिनींना शब्द कळले नसतील. अर्थ मात्र कळला असावा. घरी परतताना त्या एवढेच म्हणाल्या, “मग ती रूपं नीट पाठ कर. आणि परत येण्याचं रूप आधी.”