लश्कर, छावणी आणि वाडा : मुलांसह पाहिलेले ग्वाल्हेर

जुन्या राजधान्या मुलांना दाखवायच्या, तर राजवाड्याइतक्याच आस्थेने तिथल्या पाट्याही दाखवाव्यात, हे आमचे मत ग्वाल्हेरला पक्के झाले. जयविलास प्रासादातील प्रचंड झुंबरे आणि जेवणाच्या मेजावरची चांदीची आगगाडी मुलांना आवडलीच. पण त्यांनी प्रश्न विचारले ते नावांविषयी.

पहिली पाटी रेल्वेस्थानकावरची. तिथे 'ग्वालियर', आमच्या तोंडी 'ग्वाल्हेर'. "यांतले खरे कोणते?" धाकट्याने विचारले. एका गावाची दोन नावे सीमाभागातल्या मुलाला नवी नाहीत. आम्ही म्हणालो, दोन्ही खरी. ज्या भाषेचा गावाशी दीर्घकाळ संबंध येतो, ती त्याला आपल्या उच्चाराचे नाव देते.

मराठीचा हा संबंध सैन्यामुळे जडला. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याजवळ तळ दिला. त्या तळाचेच शहर झाले आणि नाव राहिले 'लश्कर'. 'शिंदे की छावनी' ही वस्ती आजही आहे, घराणे मात्र हिंदीत 'सिंधिया' झाले. एकाच आडनावाची दोन रूपे एकाच शहरात नांदतात. 'कंपू' हा भाग कवायती पलटणींची आठवण देतो. शब्द युरोपीय 'कॅम्प'च्या कुळातला. मराठीत त्याला टोळक्याचा अर्थ आला. भर चौकातले 'महाराज बाडा' वाचून मुले हसली, कारण हिंदीत बाडा म्हणजे गुरांचे कुंपण! तो आपला 'वाडा' आहे, हे कळल्यावर त्यांना शब्दांचा प्रवास उमगला.

थोरलीचा प्रश्न अधिक अवघड होता : "शिंदे येण्याआधी इथे कोण होते?" उत्तरासाठी आम्ही तिला किल्ल्यावर नेले. मानसिंह तोमरांचा राजवाडा दाखवला आणि चतुर्भुज मंदिरातला इसवी सन ८७६ चा शिलालेखही. देवाला दिलेली २७० हात लांबीची फुलबाग आणि रोजच्या ५० माळा यांची त्यात नोंद आहे. दोन्ही आकड्यांतले शून्य आजच्यासारखेच वाटोळे. त्या दगडापुढे आपल्या पूर्वजांचा पराक्रम हे या भूमीच्या ग्रंथातले एक पान ठरते, हे मुलांना सांगावे लागले नाही.

देवाणघेवाणही एकेरी नव्हती. मराठी तिकडे गेली, ख्याल इकडे आला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशांकडे शिकले आणि ती गायकी मिरज-इचलकरंजीच्या परिसरात रुजली. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर त्यांचेच शिष्य. ही गावे आपल्या शेजारची. तिथल्या गळ्यांनी ब्रजभाषेतल्या बंदिशी आपल्याशा केल्या.

आता मुख्य मुद्दा. १९४८ मध्ये हे संस्थान मध्य भारतात विलीन झाले. तोवर मराठीला तिथे दरबारी मान होता, भा. रा. तांबे राजकवी होते, १९४१ मध्ये ते तिथेच निवर्तले. तरीही ज्या मराठी घरी आम्ही उतरलो होतो, तिथे आजी मराठीत विचारत आणि नातू हिंदीत उत्तर देई. दोष त्या मुलाचा नाही. शाळा, मित्र, बाजार, सगळे हिंदीत. मराठी उरली ती आजीच्या खोलीपुरती. पण आजींनी विचारणे सोडलेले नाही, आणि नातवाला सारे समजते.

राजसत्ता वस्त्यांना नावे देते. बोलणारी पिढी देत नाही. सीमेवरच्या आपल्यापाशी ती सत्ता नाही, म्हणून हताश होणाऱ्यांनी ग्वाल्हेर अवश्य पाहावे. तिथे सत्ता होती, तरी भाषेचा भार अखेर घरावरच आला. वाचकहो, सुटीत मुलांना कोठेही न्या, पाट्या वाचायला लावा; पण त्यांच्या प्रश्नांची उत्तरे मराठीत द्या आणि त्यांच्याकडूनही मराठीतच घ्या.