मातीची बटणे

बटण ही तशी किती क्षुल्लक वस्तू! ते सदऱ्याला असते तोवर त्याच्याकडे कोणी पाहत नाही. तुटून पडले म्हणजे मात्र त्याची आठवण होते. अशी बटणे घडविण्यात एका थोर कलावतीने आपल्या उमेदीची कित्येक वर्षे वेचली. त्यांचे नाव लूसी री.

लूसीबाईंचा जन्म १९०२ साली ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील डॉक्टर होते. १९२२ साली त्या तेथील कलाशाळेत दाखल झाल्या आणि कुंभाराच्या चाकावर त्यांचे मन जडले. फिरत्या चाकावर मातीचा गोळा ठेवावा, ओल्या बोटांनी तो हलकेच वर चढवावा, आणि पाहता पाहता त्यातून वाडगा उमलावा, ह्या कामाची त्यांना विलक्षण गोडी लागली. त्यांची भांडी पातळ व रेखीव असत. १९३७ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांना रौप्यपदकही मिळाले.

परंतु पुढच्याच वर्षी, मार्च १९३८ मध्ये, नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. ज्यू लोकांना तेथे जीव मुठीत धरून राहावे लागे. लूसीबाई त्याच वर्षी मायभूमी सोडून लंडनला आल्या. व्हिएन्नात त्यांचे नाव होते. लंडनमध्ये त्यांना कोणी ओळखत नव्हते. इंग्लंडात त्या काळी बर्नार्ड लीच ह्या कलावंताच्या शब्दाला मोठे वजन होते. त्यांना जाड, दणकट घडणीची भांडी प्रिय असत. लूसीबाईंची भांडी त्यांना फार नाजूक वाटली. लीच यांच्या मताचा मान राखून बाईंनी काही काळ जाड भांडी घडवून पाहिली. पण ती त्यांच्या हाताला मानवेनात.

पोटाची चिंता तर होतीच. महायुद्धाच्या त्या काळात साध्या वस्तूंचीही टंचाई होती. लूसीबाईंनी हाइड पार्क उद्यानाजवळच्या आपल्या लहानशा कार्यशाळेत मातीची बटणे करावयास घेतली. साच्यात माती दाबून बटण काढावे, वाळवावे, त्यावर झिलई द्यावी आणि भट्टीत भाजावे, असा हा उद्योग. पुढे त्याचा व्याप वाढला आणि आपल्यासारख्याच निर्वासितांना त्यांनी कामाला घेतले. एका क्षुल्लक वस्तूने अनेकांच्या घरची चूल पेटू लागली.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. उंची पोशाख करणाऱ्यांना कापडाशी जुळणाऱ्या रंगाचीच बटणे हवी असत. झिलई म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा थर. तीत तांब्याचा अंश मिसळला तर हिरवी छटा येते, कोबाल्टचा मिसळला तर निळी. पण भट्टीत घालण्यापूर्वी तो रंग डोळ्यांना दिसत नाही. आच थोडी कमीअधिक झाली तरी छटा पालटते. लूसीबाई नाना मिश्रणे करून पाहत आणि त्यांची प्रमाणे वहीत टिपून ठेवीत. शेकडो बटणे रंगविता रंगविता झिलईची विद्या त्यांच्या हाती आली.

१९४६ साली हान्स कोपर नावाचा एक निर्वासित तरुण काम मागावयास आला. मातीकामाचा त्याला गंधही नव्हता. तरी बाईंनी त्याला ठेवून घेतले. थोड्याच काळात तो चाकावर तयार झाला आणि पुढे स्वतः नामवंत कलावंत ठरला. त्याच तरुणाने बाईंना बजावले, की तुमची रीत हीच तुमची खरी रीत. दुसऱ्याची उचलू नका.

पुढे एव्हबरी येथील संग्रहालयात त्यांनी कांस्ययुगातील काही मातीची भांडी पाहिली. हजारो वर्षांपूर्वीच्या कुणा अनामिक कुंभाराने पक्ष्याच्या हाडाने त्यांवर रेघा कोरल्या होत्या. लूसीबाई घरी परतल्या आणि त्यांनी गडद झिलईवर पोलादी सुईने बारीक रेघा ओढल्या. आता त्यांचे वाडगे पुन्हा पातळ झाले. त्यांवर बटणांनी शिकविलेले रंग खुलले आणि त्या प्राचीन कुंभाराच्या रेघा उमटल्या. भांडे एकदा भाजून, झिलई देऊन पुन्हा भाजण्याची रूढ रीत त्यांनी सोडली. कच्च्या भांड्यावरच कुंचल्याने झिलई देऊन त्या ते एकदाच भाजीत.

त्यांची कीर्ती दूरवर पसरली. १९८९ साली जपानचे प्रसिद्ध वेशकार इस्सी मियाके यांनी त्यांची जुनी बटणे आपल्या पोशाखांवर मोठ्या आदराने लावली. १९९१ साली ब्रिटनने त्यांना ‘डेम’ हा मानाचा किताब दिला. १९९५ साली लंडनमध्ये त्यांचे देहावसान झाले.

बटणे करण्याची वेळ आली म्हणून लूसीबाई कष्टी होऊन बसल्या नाहीत, की ते काम हलके म्हणून त्यांनी कसेबसे उरकले नाही. वाडग्यासाठी जे मन लावावयाचे, तेच त्यांनी बटणासाठी लावले. लहान काम जीव ओतून केले, की ते मोठ्या कामासाठी हात घडवीत असते. मातीला आकार देता देता त्यांच्या स्वतःच्या कलेलाही असाच आकार येत गेला.