बारा व्होल्ट आणि आईचे ढालो

हैदराबादचं नाव काढलं की लोकांना चारमिनार आठवतो नाहीतर हायटेक सिटी. मी राहतो त्या अफझलगंजाला या दोन्हींतलं काहीच लागू पडत नाही. मुसी नदीच्या काठचा हा जुना बाजारभाग. पाचवा निजाम अफझलउद्दौला याच्या नावावरून ओळखला जाणारा. एका बाजूला उस्मानिया इस्पितळ, दुसऱ्या बाजूला १८९१ साली स्थापन झालेलं आणि पूर्वी आसफिया म्हणून ओळखलं जाणारं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, मागे बेगमबाजार आणि चोवीस तास हॉर्न. बदलीच्या नोकरीत माणूस कुठे कुठे जाऊन पडतो पाहा! पेडण्याच्या माडाबागायतीतून निघालो तो २०२३ साली इथे एका गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आलो. सोबत आणलेल्या सामानात एक जुना कॉम्प्युटर होता. आजची गोष्ट त्याचीच.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सुरक्षेची नियमित अपडेट्स थांबली. विंडोज ११ घालावं तर ते टीपीएम २.० मागतं आणि इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर मागतं. माझं यंत्र २०१२ चं, म्हणजे तिसऱ्या पिढीतलं. तेव्हा मदरबोर्ड बदलणं आलं. मदरबोर्ड बदलला की प्रोसेसर बदलतो, आणि डीडीआर-३ ची जुनी रॅम डीडीआर-४ च्या खाचेत बसत नाही म्हणून रॅमही बदलते. दारात नवी नवरी आली की घरातले पडदेसुद्धा बदलतात, त्यातला प्रकार! शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका दुकानातून सगळं करून घेतलं. कॅबिनेट, पॉवर सप्लाय आणि ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क तेवढी तीच ठेवली.

घरी आणून चालू केलं. दहा मिनिटं छान चाललं. जुनी डिस्क उघडायला गेलो तर आतून टक... टक... टक असा आवाज आला आणि यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं. परत तेच. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "डिस्क मेली. फेकून द्या."

आता त्या डिस्कमध्ये काय होतं ते सांगितलं पाहिजे. आमच्या आईचे ढालो होते. पौष महिन्यात मांडावर बायका समोरासमोर रांगा धरून गातात ते ढालो गोमंतकीय वाचकाला मी काय सांगावे! आई आमच्या वाड्यावर पुढे उभी राहून गायची. १९९४ साली मामांनी टेपरेकॉर्डर नेऊन दोन रात्रींचं गाणं कॅसेटवर घेतलं होतं. कॅसेटला बुरशी धरू लागली तेव्हा, २००६ साली, मी ते कॉम्प्युटरवर उतरवलं, वर दोन सीड्याही करून ठेवल्या. पण आपल्याकडची दमट हवा कुणाला सोडते? सीडीचा चंदेरी थर जागोजागी सुटला आणि कॅसेट तर केव्हाच चिकटून बसली. आई गेली त्याला आता नऊ वर्षं झाली. तिचा आवाज उरला होता तो त्या टकटक करणाऱ्या डबीत.

गावाहून अक्काचा फोन आला. तिला मी एवढंच सांगितलं की कॉम्प्युटर जरा बिघडलाय. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "आवयचो आवाज आसा न्हय रे?" मी म्हटलं, "आसा." म्हटलं खरं, पण रात्री झोप लागली नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक चाचा बसतात. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, आता जे येईल ते. कॅबिनेट उचलून त्यांच्याकडे नेलं. त्यांनी आधी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाले, "साब, एक वक्त में एकीच चीज बदलना. दो बदले तो मालूम कैसा पडता?"

मी कला शाखेचा पदवीधर. पाठचिकित्सा वगैरे शिकलेला. एका पोथीच्या चार प्रती समोर ठेवून कुठला पाठ कुठून बिघडला ते शोधायचं, तीच ही रीत. फक्त चाचांच्या हातात पोथीऐवजी स्क्रूड्रायव्हर होता.

पहिल्यांदा त्यांनी जुनी डिस्क सोडवून बाजूला ठेवली. यंत्र नुसत्या नव्या एसएसडीवर चालवलं. आता ते बराच वेळ टिकलं, पण एक मोठा व्हिडिओ रूपांतराला लावताच पुन्हा बसलं. म्हणजे डिस्क जोडलेली नसतानाही दुखणं होतंच! मग रॅम काढून दुसऱ्या खाचेत बसवली आणि रात्रभर तिची तपासणी लावून ठेवली. सकाळपर्यंत एकही चूक दिसली नाही. प्रोसेसरवरचा पंखा नीट फिरत होता, तापमानही ठीक होतं. उरला पॉवर सप्लाय.

चाचांनी मल्टीमीटर काढला. पिवळ्या तारेत बारा व्होल्ट, तांबड्या तारेत पाच, काळी तार जमिनीची. बाराच्या ठिकाणी पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. यंत्र निवांत असताना काटा ११.६ दाखवत होता. प्रोसेसरला काम देऊन डिस्क जोडताच तो १०.९ वर आला. डिस्कची चकती फिरवणारी मोटर याच बारा व्होल्टवर चालते. ते कमी पडले की तिचा वेग सुटतो, आतलं मुंडकं भांबावून मागे फिरतं, आणि आपल्याला टकटक ऐकू येते. प्रोसेसरही तिथूनच खातो, आणि नवा प्रोसेसर जोर लावताना जुन्यापेक्षा जास्त ओढतो. वीज मर्यादेखाली गेली की 'सगळं ठीक' असा मदरबोर्डला मिळणारा इशारा तुटतो आणि यंत्र नव्याने सुरू होतं.

"हार्ड डिस्क कू खराब नक्को बोलो साब," चाचा म्हणाले, "पेट कू खाना नई मिला तो कौन बी गिरता."

वायर काढून, बराच वेळ थांबून त्यांनी तो पॉवर सप्लाय उघडला. (घरी हे करू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जिवावर बेतेल एवढी वीज राहू शकते.) आतले तीन कपॅसिटर डोक्यावर फुगले होते. उष्णतेनं त्यांच्यातला द्रव आटत जातो. दहा अंश तापमान वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं असा ढोबळ हिशेब आहे. तेरा वर्षांची चाकरी आणि वर हैदराबादचे दोन-तीन मे महिने, दुसरं काय होणार!

नवा पॉवर सप्लाय बसवला. डिस्क गप्प. इतकी गप्प की मीच घाबरलो. पण फोल्डर उघडलं, तारखा जागेवर होत्या. चाचांनी दुसरं काहीही करू दिलं नाही. आधी नक्कल, मग तपासणी. सगळं एसएसडीवर उतरलं. पहिली फाइल लावली, पट्टी पुढे सरकू लागली, आणि आवाजच नाही! पोटात गोळा आला. मग चाचांनी कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर बोट ठेवलं. नव्या यंत्रानं आवाज एचडीएमआयच्या तारेतून मॉनिटरकडे पाठवला होता, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. एक टिचकी मारली आणि अफझलगंजच्या त्या खोपटात, बसच्या हॉर्नच्या वर, आमच्या मांडावरच्या बायका गाऊ लागल्या. आई सगळ्यांत पुढे. मधेच कुणाचं तरी लहान पोर रडतं, तेसुद्धा तसंच. चाचांना एक शब्द कळला नसेल, पण पूर्ण होईपर्यंत त्यांनी दुसरं गिऱ्हाईक घेतलं नाही.

२८ सप्टेंबर १९०८ ला मुसीला महापूर आला, तेव्हा याच अफझलगंजात एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसं वाचली. ते झाड उस्मानिया इस्पितळाच्या आवारात आहे. त्या दिवशी घरी जाताना त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिलो.

आता ढालोंच्या तीन प्रती आहेत. एक इथे, एक पेनड्राइव्हवर अक्काकडे पेडण्याला, आणि एक इंटरनेटवरच्या साठवणीत. दर पौषात तिन्ही उघडून ऐकायच्या असं अक्कानं आणि मी ठरवलंय. मंडळी, तुमच्याही घरात अशी एखादी कॅसेट, एखादी जुनी डिस्क असेलच. या रविवारी ती एकदा लावून पाहा. आणि कुणी 'मेली' म्हणालं, तर आधी तिला वीज पुरेशी मिळतेय ना ते बघा.