कापलेला एक गुण

कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात आम्ही दोघे व्यावहारिक मराठी शिकवतो. भाषांतर हा त्यातला एक घटक. मागे एका चाचणीत दिलेल्या इंग्रजी उताऱ्यात एका बाईविषयी वाक्य होते. तापट नवऱ्याबरोबर तिने काढलेल्या तीस वर्षांसाठी तिथे ‘पुट अप विथ’ हे क्रियापद होते. आमच्या नमुना उत्तरात ‘सहन केले’ असे होते. शिरोळ तालुक्यातून येणाऱ्या एका मुलीने लिहिले, ‘सांभाळून घेतले’. आम्ही एक गुण कापला.

ती भांडली नाही. “आमची आजी असंच म्हणते, सर,” एवढेच बोलली.

संध्याकाळी रंकाळ्यावर फेरी मारताना तो गुण आमच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येऊ लागला. इंग्रजीत ‘पुट’ म्हणजे ठेवणे. त्याला ‘अप’ जोडले की उभारणे, किंवा कुणाची मुक्कामाची सोय करणे. पुढे ‘विथ’ आले की नावडते ते सोसणे. दोन इवल्या शब्दांनी मूळ अर्थ पार पुसला जातो. मराठीत असे काम पुष्कळदा सोबतचे क्रियापद करते. ‘सांगून टाकले’ यात सुटका आहे, ‘सांगून ठेवले’ यात सावधगिरी, ‘सांगून बसलो’ यात पश्चात्ताप. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या व्याकरणात संयुक्त क्रियापदांचा विचार आहे. वर्गात आम्ही तो शिकवतो. पेपर तपासताना मात्र विसरलो.

‘सहन करणे’ यात नुसता त्रास आहे. ‘चालवून घेणे’ यात तडजोड आहे. ‘खपवून घेणे’ बहुधा नकारातच ऐकू येते. ‘सांभाळून घेणे’ यात मात्र दुसऱ्याचे उणे झाकून घर उभे ठेवण्याचे कष्ट आहेत. त्या बाईने हे का सोसले, ते इंग्रजी क्रियापद सांगत नाही. भाषांतरकाराला ठरवावे लागते. मुलीने ठरवले होते. आम्ही कोशातला पहिला शब्द उचलला होता.

तरी आमच्यापैकी एकाची शंका फिटेना. या शब्दाने बाईचे दुःख गोड तर होत नाही? दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलीलाच विचारले. ती क्षणभर थांबून म्हणाली, “आजी ते हसत म्हणत नाही, सर.”

गुण आम्ही परत दिला. नमुना उत्तरात आता दोन्ही शब्द आहेत. त्यांतला कोणता कुठे, याचा वाद आम्हा दोघांत अजून मिटलेला नाही.