पहिली ई-सिगारेट

मूळचा डोंबिवलीचा, आता लंडनच्या वेम्ब्लीत राहणारा एक गृहस्थ. सिगारेट सुटता सुटेना, म्हणून व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, दुकानात शिरला आणि बावचळला. आंबा, पुदिना, चक्क कस्टर्ड!

दुकानदाराचा पहिला प्रश्न मात्र चवीचा नव्हता: "दिवसाला किती ओढता?" अख्खं पाकीट संपवणाऱ्याला निकोटिन कमी पडलं, की तो संध्याकाळपर्यंत पुन्हा टपरी शोधतो. ब्रिटनमध्ये निकोटिनची कमाल मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम. आपल्या गृहस्थाने साधं, चार्ज होणारं पॉड-व्हेप घेतलं. वापरून फेकायच्या व्हेपच्या विक्रीवर तिथे जून २०२५पासून बंदीच आहे. झुरका सावकाश, लांब घ्यायचा. सिगारेटसारखा खस्सकन ओढला की ठसका ठरलेला.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत वर्षभराने ई-सिगारेटवाल्यांपैकी १८ टक्क्यांची सिगारेट सुटली होती. निकोटिनच्या पट्ट्या, च्युइंगम वापरणाऱ्यांपैकी ९.९ टक्क्यांची. त्या १८ टक्क्यांतले बहुतेक व्हेपला चिकटून होते, हेही खरं. ई-सिगारेट धुरापेक्षा बरी, निरुपद्रवी नव्हे. न ओढणाऱ्याने वाटेला जाऊच नये.

आणि गणपतीला घरी येताना ती लंडनलाच ठेवावी. भारतात २०१९च्या कायद्याने तिची आयात आणि विक्री गुन्हा आहे.