नाडीची तक्तीअ

उर्दूच्या तासाला आम्ही शेराची तक्तीअ करतो, म्हणजे मिसऱ्याचे वजनाप्रमाणे तुकडे पाडतो. मराठीच्या तासाला लघु-गुरूच्या खुणा करून गण पाडतो. दोन्हीकडे प्रश्न एकच: चाल कुठे मोडली? गेल्या रमजानमध्ये हाच प्रश्न अम्मीच्या ईसीजीला विचारायची पाळी आली.

अम्मीचं वय 72. वजू करताना दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली. घरात प्रत्येकाकडे कारण तयार होतं. कुणी रोजा म्हणालं, कुणी साखर. शेजारच्या खालाजानना नजर लागल्याचा संशय. मी नाडी मोजली, मिनिटाला 38 भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो.

डॉक्टर सबुरीचे निघाले. मी मास्तर आहे म्हटल्यावर त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. लहान चौकट म्हणजे 0.04 सेकंद, पाच लहान मिळून एक मोठी, 0.2 सेकंद. आधी येणारा छोटा उंचवटा, पी, हा हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा. मागून येणारं टोकदार शिखर खालच्या कप्प्यांचं. पी सुरू झाल्यापासून शिखर सुरू होईपर्यंतचं अंतर तीन ते पाच लहान चौकटी असावं. वरचा निरोप खाली पोचायला लागणारा तो वेळ.

हे अंतर नुसतंच लांबलं, पण प्रत्येक निरोप पोचतोय, तर पहिल्या दर्जाचा ब्लॉक. बहुतेकदा घाबरण्यासारखं काही नसतं. दुसऱ्या दर्जाचे दोन प्रकार. एकात अंतर ठोक्यागणिक वाढत जातं आणि मग एक शिखर गळतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू. वेंकेबाख नावाच्या डच डॉक्टरांनी हा क्रम 1899 मध्ये नोंदवला, ईसीजी रुळायच्या आधी, नाडीच्या आलेखावरून! (आपल्या इब्ने सीनानेही ‘अल-कानून’मध्ये नाडीची लय संगीताच्या अंगाने तपासली आहे, ते इथे आठवलंच.) दुसऱ्या प्रकारात अंतर जराही न वाढता शिखर अचानक गळतं. हा जास्त धोक्याचा, कारण पुढे कधी पूर्ण अडथळा येईल ते सांगता येत नाही.

अम्मीच्या कागदावर पी दर पावणेचार मोठ्या चौकटींनी येत होते. 300 ला त्याने भागलं की मिनिटाला 80. शिखरं मात्र आठ चौकटींच्या अंतराने, म्हणजे साधारण 38. दोन्ही ओळी आपापल्या जागी अगदी वजनात होत्या, फक्त एकमेकींशी संबंध नव्हता. जणू वर एक बहर चाललीय आणि खाली दुसरीच. हा तिसऱ्या दर्जाचा, पूर्ण हार्ट ब्लॉक. डॉक्टरांनी आधी तिच्या गोळ्या तपासल्या. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनीही नाडी मंदावते, रक्तातलं पोटॅशियम वाढूनही हे होतं. तसलं काही निघालं नाही. या वयात निरोप नेणारे तंतूच झिजतात, म्हणाले. पेसमेकर बसवा.

भाईजानचा कुवेतहून फोन आला: ईद होऊ दे, मग बघू. डॉक्टर म्हणाले, खालचे कप्पे स्वतःच्या जोरावर चाललेत, ते थांबले तर वेळ मिळणार नाही. मी फोन अम्मीच्या हातात दिला. शेवटी दिल तिचा होता.

तिचे प्रश्न वेगळेच. नमाज कशी होईल? डॉक्टर म्हणाले, काही आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. तकबीरला ती हात खांद्यापर्यंतच उचलते, त्यामुळे तो प्रश्न मिटला. मोबाइल? उजव्या कानाला धरायचा, ब्लाउजमध्ये ठेवायचा नाही. मग हळूच विचारलं, मेल्यावर हे काढायला मला पुन्हा कापतील का? मी गप्प झालो. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, दहन करायचं असेल तर काढावंच लागतं, आगीत बॅटरी फुटते. दफनाला तशी अडचण नाही. त्यानंतर ती लगेच तयार झाली.

1958 मध्ये स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना जगातला पहिला पेसमेकर शरीरात बसवला गेला. तो काही तासच चालला. पुढे बदलत बदलत त्यांना एकूण 26 लागले, आणि ते 2001 पर्यंत, 86 वर्षांचे होईपर्यंत जगले. हे अम्मीला सांगितलं तर म्हणाली, “छब्बीस? मला एकच बस.” तिची बॅटरी आठ-दहा वर्षं चालेल म्हणतात. तपासणीचं कार्ड तिने जानमाजच्या घडीत ठेवलंय.